अंबडच्या फिलिंगवाल्या काकांकडे जुना स्टीलचा स्कुबा टँक भरून घेतला, त्याचा रिव्ह्यू

पाठीवर बांधून पाण्याखाली श्वास घ्यायचा जुना स्टीलचा टँक घेऊन हवा भरायला गेलात की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक जण टँकच्या खांद्यावर कोरलेलं वर्ष वाचतो, "एवढा जुना? नाही भरणार" म्हणतो आणि आत निघून जातो. दुसरा काहीच वाचत नाही, होज लावतो, कॉक सोडतो आणि थोड्या वेळात हात लावला तर चटका बसेल असा तापलेला टँक परत देतो. मला हे दोघंही नकोत. मला असा माणूस हवा होता जो टँकचं वय नाही, टँकची तब्येत बघेल, आणि असा माणूस नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सापडला म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय.

आधी हे सांगते की ते डाइव्ह शॉप नाहीये. सेफ्टी सामानाचं दुकान आहे, पुढे हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट टांगलेले, आत फायर एक्स्टिंग्विशर रिफिलिंग आणि मागच्या शेडमध्ये ब्रीदिंग एअरचा कंप्रेसर. कंपन्यांमध्ये गॅस लीक झाला, टाकीत उतरायचं असलं की पाठीवर जे बीए सेट लावतात ना, त्यांचे सिलेंडर भरायला हा कंप्रेसर ठेवलाय. बीए सेटमध्ये पण श्वास घ्यायची कोरडी स्वच्छ हवाच लागते आणि स्कुबाला पण तीच, त्यामुळे काका दोन्ही भरतात. दुकानाचं नाव आणि नंबर इथे टाकत नाही, काकांनीच नको म्हटलं. त्यांचा मुख्य धंदा कंपन्यांचा आहे आणि उगाच कोणीही कुठलाही भंगारातला बाटला घेऊन दारात उभा राहिला तर त्यांनी काय करायचं? अंबड-सातपूरला सेफ्टीवाल्यांकडे चौकशी केलीत तर कळेल.

माझा टँक म्हणजे फेबर कंपनीचा, इटालियन, बारा लिटरचा, नव्वदच्या दशकातला. वर्किंग प्रेशर, म्हणजे भरायचा दाब, २०० बार; टेस्ट प्रेशर, म्हणजे तपासणीचा दाब, ३००. कमर्शियल डाइव्हिंगचं काम करणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडून सगळ्या कागदांसकट घेतलेला. लोक विचारतात एवढा जुना कशाला, नवीन अॅल्युमिनियमचा घे ना. बाबांनो, स्टीलचा टँक पाण्यात वेगळा वागतो. नेहमीचा अॅल्युमिनियमचा ८० क्युबिक फुटांचा टँक डाइव्हच्या शेवटी रिकामा होत आला की समुद्राच्या पाण्यात जवळपास दोन किलोने वर ओढायला लागतो, नेमकं जेव्हा तुम्हाला वर येताना पाच मीटरवर शांत थांबायचं असतं तेव्हा. ते ओढणं मारायला कमरेला जास्तीचं शिसं बांधावं लागतं. माझा स्टीलचा रिकामा झाला तरी खालीच राहतो, वजन पाठीवर सरळ बसतं, शिसं कमी लागतं. माझ्यासारख्या कमी उंचीच्या बायकांना तर हा फरक लगेच कळतो. आणि स्टील नीट सांभाळलं तर पिढ्या टिकतं, हे मी मनापासून सांगतेय.

जुना टँक म्हटलं की दुकानदार बिचकतात त्याला कारणही आहे म्हणा. जुन्या अॅल्युमिनियमच्या टँकमध्ये ६३५१ नावाचा मिश्रधातू वापरायचे, त्यातल्या काहींच्या मानेला आतून भेगा पडायच्या आणि भरताना टँक फुटल्याच्या घटना घडल्यात. त्यातून "इतक्या वर्षांपेक्षा जुना नाही" असा सरसकट नियम बऱ्याच दुकानांनी करून टाकला, आणि तो स्टीललाही लावतात. पण स्टीलला तो आजारच नाही. स्टीलचा आजार गंज, आणि गंज डोळ्यांना दिसतो, फक्त कोणीतरी बघायला पाहिजे.

काकांनी बघितला. टँक टेबलवर आडवा ठेवला आणि पहिलं वाक्य, "ताई, आधी याचा बूट काढू." स्टीलच्या टँकचा बुडखा गोल असतो, उभा राहावा म्हणून खाली प्लॅस्टिकचा किंवा रबरचा बूट घातलेला असतो, आणि खारं पाणी नेमकं त्यात साठतं. बाहेरून रंग चकाचक आणि बुटाखाली गंजाचं कडं, असं खूप टँकचं असतं. मुंबईत एका ठिकाणी मी हा टँक नियमित भरून घ्यायचे, तिथे कधीच कोणी बूट काढला नव्हता. काकांनी रबरी हातोडीने हळूहळू ठोकत बूट सैल केला, खालची वाळू कपड्याने पुसली, नखाने एक डाग खरवडून बघितला, मग अंगठा फिरवला. डाग वरवरचा निघाला, खड्डा नव्हता. खड्डा असता तर त्याची खोली मोजून मग ठरवलं असतं असं म्हणाले. मग उरलेली हवा अगदी सावकाश सोडली, वॉल्व्ह काढला, आणि वायरला लावलेला छोटा एलईडी मानेतून आत सोडला, सोबत दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीवरचा आरसा. मला पण बघायला लावलं. आतली भिंत राखाडी होती आणि एका बाजूला फिकट तपकिरी धूळ बसल्यासारखा पट्टा. "हा टँक कोणीतरी बरेच महिने आडवा ठेवला होता, ओल एका बाजूला बसली," इतकं ते नुसतं बघून सांगतात. तो पट्टा पुसला जाणारा होता म्हणून टँक पास.

आतला गंज एवढा मनावर का घ्यायचा तर त्याने भिंत पातळ होते हे एक, आणि दुसरं जे बऱ्याच जणांना माहीत नसतं, गंज चढताना तो आतल्या हवेतला ऑक्सिजन खातो. ओला स्टीलचा टँक भरून महिनोन्‌महिने पडून राहिला तर गेज प्रेशर दाखवेल पण आतली हवा श्वास घ्यायच्या लायकीची राहिलेली असेलच असं नाही. वास येत नाही, काही नाही, माणूस सरळ बेशुद्ध पडतो. त्यामुळे खूप दिवस पडलेला टँक कितीही भरलेला दिसला तरी सोडून द्या आणि नव्याने भरा. आणि एरवी टँक पूर्ण रिकामा करू नका, दहा-वीस बार राहू द्या म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

वॉल्व्हचं पण सांगते. जुन्या टँकच्या मानेचे आटे वेगवेगळे असतात, युरोपियन एम २५ आणि अमेरिकन पाऊण इंची दिसायला जवळपास सारखे. चुकीचा वॉल्व्ह थोडे आटे बसतोही, पण प्रेशर आलं की बंदुकीच्या गोळीसारखा उडू शकतो. काकांनी थ्रेड गेज लावून बघितलं, तोंडी विश्वास ठेवला नाही. वॉल्व्हची रबरी ओ-रिंग नवीन घातली आणि जुनी माझ्या हातात दिली, चपटी होऊन तडकलेली होती.

मग कागद. इथे काका अजिबात हलत नाहीत आणि मला ते पटतं. आपल्याकडे गॅस सिलेंडर रूल्स २०१६ आहेत आणि ते राबवणारी संस्था म्हणजे पेसो, मुख्य ऑफिस नागपूरला. मंजूर नसलेला सिलेंडर भरायचा नाही आणि टेस्टची मुदत संपलेला सिलेंडर भरायचा नाही, भरला तर भरणाऱ्याचं लायसन्स धोक्यात. मी तिथे बसलेली असताना एक जण मर्चंट नेव्हीतल्या नातेवाइकाने आणलेला जुना अमेरिकन ७२ क्युबिक फुटांचा टँक घेऊन आला. सुंदर टँक होता खरंच, पण पेसोचा कागद नाही, हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टँक तपासतात त्याची) शेवटची तारीख कधीची, आणि ते टँक मुळात २२५० पीएसआयचे म्हणजे साधारण १५५ बारचे. काकांनी त्याला चहा पाजला, टँकच्या खांद्यावरचा शिक्का न्‌ शिक्का वाचून दाखवला, आणि भरायला नाही म्हणून सांगितलं. नुसतं "जुना आहे" म्हणून हाकललं नाही, का नाही ते समजावलं. मुंबईच्या दारूखाना भागात नाहीतर गुजरातेतल्या अलंगच्या जहाजांच्या भंगारात स्वस्तात सिलेंडर मिळतात म्हणून घेणाऱ्यांनी हे वाचा, त्यात आधी काय भरलेलं होतं ते देव जाणे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि बीए सेटवाल्यांकडे स्कुबा भरणाऱ्या प्रत्येकाने हा विचारायलाच पाहिजे. आजचे बीए सेटचे सिलेंडर बहुतेक ३०० बारचे. त्यामुळे कंप्रेसर ३०० ला सेट असतो. आणि ३०० बारच्या होजचा डिन जोड, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायचा जोड, २०० बारच्या टँकच्या डिन वॉल्व्हला आरामात बसतो. उलटं होत नाही, म्हणजे कमी प्रेशरचं सामान जास्त प्रेशरच्या टँकला लागणार नाही अशी सोय आटे बनवणाऱ्यांनी केलीये, पण भरताना ही सोय तुम्हाला वाचवत नाही. म्हणजे भरणाऱ्याचं लक्ष फोनमध्ये असलं तर माझ्या २०० च्या टँकमध्ये ३०० जाऊ शकतं, जे त्याचं टेस्ट प्रेशर आहे. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो, इथे २०० बार म्हणजे २९०० पीएसआय, आणि ३०० म्हणजे त्याच्याही दीडपट! काकांनी २०० चं आउटलेट पूर्ण वेगळं ठेवलंय, वेगळी होज, तिला वेगळा सेफ्टी वॉल्व्ह, होजवर पिवळी टेप गुंडाळलेली आणि भिंतीवर ऑइल पेंटने मोठ्ठं लिहिलंय "पिवळी = २००". पोरगा नवीन असला तरी चुकणार नाही. मला हे बघून जे बरं वाटलं ते कुठल्याही एसी शोरूममध्ये वाटलं नसतं. योक वॉल्व्हवाल्यांनी (आट्यांऐवजी बाहेरून शिकंजा कसतात तो) मात्र स्वतःचा अॅडॉप्टर न्यावा, त्यांच्याकडे असलेला एकच आहे आणि तो कधी सापडतो कधी नाही.

भरणं हळू. कंप्रेसर छोटा आहे, मिनिटाला साधारण शंभर लिटर, म्हणजे बारा लिटरचा टँक वीसवरून २०० बारला न्यायला वीस-बावीस मिनिटं जातात. घाईवाल्यांना वैताग येईल पण जुन्या टँकला हेच चांगलं. ज्यांच्याकडे कॅस्केड असतं, म्हणजे आधीच भरून ठेवलेले मोठे बाटले, ते धाडकन भरून देतात, टँक तापतो आणि गरम हवेचं २०० घरी येऊन थंड झालं की १८५ च्या आसपास उतरतं. मग लोक म्हणतात टँक लीक आहे. लीक नाही, तो गरम होता. काका १५० ला थांबतात, तळहात टँकवर ठेवून बघतात, जरा थांबून पुढे भरतात, आणि गार झाल्यावर परत टॉप-अप करून मगच गेज दाखवतात. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

हवेचा दर्जा. कंप्रेसरचा इनटेक पाइप शेडच्या छपराच्या वर नेलाय, कारण खाली गल्लीत ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात. लाइट गेली की काका जनरेटरवर कंप्रेसर चालवतच नाहीत, धूर इनटेककडे येतो म्हणून. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी नाही. हे ज्याला कळतं त्याला कळतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, साधा कोळशाचा फिल्टर त्याला पकडत नाही, आणि ३० मीटर खाली गेलात की तुम्ही तीच हवा चारपट दाबाने घेता, म्हणजे विषही चारपट. श्वासाच्या हवेच्या ईएन १२०२१ या युरोपियन मानकात त्याची मर्यादा फक्त ५ पीपीएम, म्हणजे दहा लाखात पाच भाग, आहे. फिल्टर कार्ट्रिज किती तास चालली याची वही कंप्रेसरशेजारी दोरीने बांधलेली आहे आणि ती खरोखर भरलेली असते, मी पानं उलटून बघितली. पण, आणि हा माझा एक स्टार कापण्याचा मुद्दा आहे, हवेचा लॅब टेस्ट रिपोर्ट भिंतीवर लावलेला नाही. मागितला की फाइलमधून काढून देतात, पण फाइल शोधायला वेळ जातो आणि लाजरा माणूस मागणारच नाही. तो समोर लावा काका, प्लीज.

हे दुकान सापडायच्या आधी नाशिकमध्येच काय काय अनुभव आले ते पण लिहिते, नावं न घेता. एका गॅसवाल्याने "ताई, हवा कशाला, ऑक्सिजन भरून देतो, जास्त वेळ पुरेल" असं सांगितलं होतं. इतक्या सहज! शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात की पाण्यात झटके येऊ शकतात, आणि झटका आला की तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचा तोंडातला भाग, सुटतो, पुढचं सांगायला नको. शिवाय हवेच्या टँकमध्ये, वॉल्व्हमध्ये तेलाचा अंश असतो, त्यावर दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे आगीला आमंत्रण. असं कोणी म्हणालं तर टँक उचला आणि निघा. दुसरीकडे हायड्रो टेस्ट करून घेतली. टेस्ट बरोबर केली असेल, सर्टिफिकेटही आलं. या टेस्टमध्ये टँक पाण्याने भरून पाण्याच्याच जॅकेटमध्ये ठेवतात, प्रेशर देऊन किती फुगला आणि सोडल्यावर किती मूळ मापावर आला ते मोजतात. पण टेस्टनंतर गरम हवेने सुकवायचं असतं ते केलं नाही, तसाच ओला वॉल्व्ह लावून दिला. घरी आणून उलटा केला तर चमचाभर चहासारखं पाणी बाहेर. ज्या टेस्टने टँक सुरक्षित ठरायचा त्याच टेस्टने त्याला गंज लावून दिला, मला रडू यायचं बाकी होतं. काका स्वतः हायड्रो करत नाहीत, पेसोमान्य टेस्टिंग स्टेशनला पाठवतात, पण परत आल्यावर आतून बघून, कोरडा करूनच देतात. हायड्रोला आठवडा-दोन आठवडे धरून चाला.

मुंबईला जाऊन भरणं शक्य आहेच, पण टँकसाठी कसारा घाट उतरून ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं आणि परत यायचं, दिवस गेला. मालवणला जाणार असाल तर स्वतःचा टँक न्यायची गरजच नाही, तिथे भाड्याने मिळतात, मी पाहिले ते बहुतेक अॅल्युमिनियमचे. नाशिकला भरून घ्यायचं ते पूलमधल्या प्रॅक्टिससाठी आणि आमच्यातली जी मुलं पोलिसांच्या बोलावण्यावर शोधकामाला जातात त्यांच्यासाठी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटलं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की या मुलांचे फोन वाजायला लागतात. तेव्हा भरलेला, कोरडा, तपासलेला टँक हातात असणं याला पर्याय नाही. आणि आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, रामकुंडावर २०१५ ला किती गर्दी होती ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शहरात श्वासाची हवा नीट भरून देणारी अशी ठिकाणं वाढली पाहिजेत, आणि भरणाऱ्या पोरांना ट्रेनिंग मिळालं पाहिजे.

बाकी बारीकसारीक. रंगाचं काम निघालं तर एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले पैशाला पासरी आहेत पण टँक ओव्हनमध्ये देऊ नका, तापमान हाताबाहेर गेलं तर धातू बिघडू शकतो आणि जाड थराखाली शिक्के बुजतात, मग कोणीच भरणार नाही. साधा हवेत वाळणारा रंग, शिक्के उघडे ठेवून. गाडीत आडवा ठेवा, दोन्ही बाजूंनी पाचर लावा, वॉल्व्ह कशावर आपटणार नाही असा. दुकानात कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. पार्किंग नाही, गल्लीत लावावी लागते. रविवारी बंद. बसायला एकच खुर्ची आहे आणि ती बहुतेक वेळा काकांच्या मांजराकडे असते. दर मुंबईपेक्षा कमी, पण पहिल्या वेळी व्हिज्युअल तपासणीचे वेगळे घेतात आणि ते द्याच, कारण तेच खरं काम आहे. त्यानंतर टँकवर महिना आणि वर्ष लिहिलेलं स्टिकर लावतात, वर्षभर परत उघडत नाहीत, फक्त बाहेरून बघतात.

पाचपैकी चार. जाताना टेस्ट सर्टिफिकेट ओरिजिनल न्या, मोबाइलवरचा फोटो चालवून घेत नाहीत. आणि सकाळी अकराच्या आत जा, दुपारी कंपन्यांचे बीए सेट येतात आणि मग तुमचा नंबर संध्याकाळी लागतो.